फळा दक्षिणेला आहे

मनुष्याला दिशा कळली त्या दिवशी तो पशूपासून वेगळा झाला, असं आमच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यांनी निरोपाच्या भाषणात सांगितलं होतं. ज्या शिक्षकाने एका मुलाला एक दिशा दाखवली त्याने राष्ट्राला वाट दाखवली, असंही ते म्हणाले. राष्ट्र त्या वेळी नवं होतं आणि वाट दाखवणाऱ्यांची गर्दी होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. प्राचार्य व्यासपीठावरून उतरले, धीरगंभीर पावलं टाकत निघाले आणि सामानाच्या खोलीत शिरले. बाहेर जायचं दार दुसऱ्या बाजूला होतं. आत गेल्यावर लगेच बाहेर येणं बरं दिसणार नाही म्हणून ते तिथेच थांबले असावेत, कारण आमचा चहा संपेपर्यंत ते कुणाला दिसले नाहीत.

त्यांचं वाक्य मात्र मी मनावर घेतलं. वय तसं होतं.

अंबरनाथला माझा थोरला भाऊ कारखान्यात कारकून होता. पूर्वेला, स्टेशनापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी, दोन खोल्यांत तो, वहिनी आणि त्यांचा लहान मुलगा राहत. त्यांच्यात मी जाऊन राहिले. तिथल्या मराठी शाळेत मला तिसरीचा वर्ग मिळाला, पण नोकरी कच्ची होती. वर्ष संपायच्या आत दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे सरकारी साहेब, येणार, माझा एक पाठ बघणार, आणि त्यांना पटलं तर मी कायम होणार. नाही पटलं तर मला गावी नेऊन पोचवायचं, असा शब्द भावाने वडिलांना दिला होता. गावी एक स्थळ माझी वाट बघत बसलं होतं. त्या स्थळाबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की वडिलांनी दोनदा विचारूनही त्याने नकार दिला नव्हता.

वहिनी माझ्या बाजूची होती. “वन्सं गेल्या तर बाहेर काय चाललंय ते मला कोण सांगणार,” ती म्हणायची. “तुमचे भाऊ ऑफिसातून येतात आणि पेपर तोंडासमोर धरतात. त्यांचं तोंड मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवावं लागतं.”

पाठाचा विषय हेडमास्तरांनी दिला. ते पेन्शनीला टेकले होते आणि वाद टाळणं हेच त्यांचं शिक्षणशास्त्र होतं. “दिशा घ्या, बाई,” ते म्हणाले. “साहेबांना दिशा आवडतात. पण चारही घेऊ नका, घोळ होतो. एकच घ्या. दक्षिण घ्या.”

“दक्षिणच का, सर?”

“पूर्व-पश्चिम सगळे घेतात. दक्षिणेच्या वाटेला कुणी जात नाही. तुलना व्हायची नाही, वाद व्हायचा नाही.”

आमची शाळा लढाईच्या वेळी लष्कराने बांधलेल्या एका शेडमध्ये भरत असे. छप्पर पत्र्याचं, भिंती पत्र्याच्या, खांब लोखंडी. उजेड यायचा तो वरच्या जाळीतून आणि एका दारातून, त्यामुळे दाराकडे बघितल्याशिवाय आत सूर्य कुठे आहे याचा पत्ता लागत नसे. मधोमध गोणपाटाचा पडदा होता. पलीकडे हेडमास्तर चौथीला शिकवत, अलीकडे मी तिसरीला. वर्गात कारखान्यातल्या कारकुनांची मुलं होती, आसपासच्या वाड्यांतल्या शेतकऱ्यांची होती, आणि फाळणीनंतर निर्वासितांच्या कॅम्पातून अंबरनाथला आलेल्या सिंधी घरांतली थोडी होती. आपापसांत ती एक भाषा बोलत, जी तिघांच्याही घरी कुणाला कळली नसती.

थंडीचे दिवस होते. पहिल्या पाठाला मी सगळ्यांना अंगणात नेलं, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं केलं आणि हात पसरायला सांगितलं. सगळ्यांनी एकदम हात पसरल्यामुळे सुरुवातीचा वेळ मारामारीत गेला. मग मी त्यांना लांब लांब उभं केलं.

“समोर पूर्व. पाठीमागे पश्चिम. डाव्या हाताला उत्तर. उजव्या हाताला दक्षिण. उजवा हात कुठला?”

“जेवायचा,” सगळे ओरडले.

एक मुलगा डाव्या हाताने जेवणारा होता. त्याची दक्षिण उत्तरेला, कल्याणकडे गेली. मी त्याला जवळ बोलावून सांगितलं की तुझा जेवायचा हात तो उजवा नव्हे. “आई पण हेच म्हणते,” तो म्हणाला, “आणि मारते.” मी मारलं नाही. त्याला नुसता उलटा फिरवला. त्यामुळे त्याचा हात बरोबर दिशेला आला, पण सूर्य पाठीमागे गेला. तेवढ्यावर मी समाधान मानलं.

मग आत येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘दक्षिण’ लिहिलं आणि म्हटलं, “हा शब्द घालून एकेक वाक्य करा.”

एका कारकुनाचा गोलमटोल मुलगा ताबडतोब उभा राहिला. “दक्षिण ही यमाची दिशा आहे.”

“छान. आणखी कोण सांगणार?”

वाडीवरून येणारी एक मुलगी म्हणाली, “आजीला न्हेली तवा तिचं पाय दक्षिणेला केलं व्हतं.”

“बरं. पुढे?”

“दक्षिणेकडे पाय करून झोपलं की आई उठवून फिरवते.”

“दक्षिणेला तोंड करून जेवलं तर वडील मरतात.”

“असं कुणी सांगितलं तुला?”

“वडिलांनी.”

अशी सात-आठ वाक्यं झाली. व्याकरणाच्या दृष्टीने सगळी निर्दोष होती. पण दिपोटींपुढे ही वाक्यं आली असती तर तिसरीचा वर्ग आहे की तेराव्याचा, असा प्रश्न त्यांना पडला असता. मी म्हटलं, “आता ज्यात कुणी मेलेलं नाही असं एक वाक्य सांगा.”

वर आलेले हात खाली गेले. ही अट त्यांना जाचक वाटली असावी. बऱ्याच वेळाने एक मुलगा उठला. “दक्षिणेला माझे मामा राहतात.”

मला इतका आनंद झाला की मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. “शाबास. कुठे राहतात मामा?”

“कर्जतला.”

“काय करतात?”

“फार आजारी आहेत.”

शेवटी दाराजवळ बसणारी एक सिंधी मुलगी उठली. तिच्या वडिलांचं स्टेशनाजवळ बिस्किटांचं आणि पापडांचं दुकान होतं. ती म्हणाली, “आम्ही दक्षिणेला आलो.”

“कुठून?”

“कराचीहून. बोटीने.”

“मग?”

“मग काही नाही. आलो.”

हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. त्यात कुणी मेलं नव्हतं. निदान ती तसं काही म्हणाली नाही.

पण एका वाक्यावर पाठ उभा राहत नाही. कॉलेजात शिकवलं होतं की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं. मुलांना सगळ्यांत ज्ञात काय, तर फळा. अंगणात उजव्या हाताला जी बाजू होती तीच आत आल्यावर समोर येत होती, असा मी अंदाज घेतला आणि लिहिलं: ‘आमचा फळा दक्षिणेला आहे. आम्ही रोज दक्षिणेकडे तोंड करून बसतो. दुपारी इथेच बसून डबा खातो.’ तिसरं वाक्य मी का घातलं ते आजही सांगता येणार नाही. दोन वाक्यांवर थांबलं तर फळा मोकळा दिसत होता, एवढंच कारण असावं.

तीनही वाक्यं पाटीवर उतरवून घ्या आणि घरी मोठ्याने वाचा, असं मी सांगितलं. मुलांनी वाचली. तिसरीने माझा दुसरा कोणताही अभ्यास इतक्या आज्ञाधारकपणे केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात पालक उभे होते. एरवी शाळा म्हणजे दारापर्यंत मूल सोडण्याची जागा. आत कुणी डोकावत नसे, त्यामुळे आत कोण कुठे तोंड करून बसतं हे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मीच ते लेखी कळवलं होतं.

वाडीवरची एक आई सगळ्यांच्या पुढे होती. “बाय, माजा पोर रोज त्या अंगाला त्वांड करून भाकर खातंय,” ती म्हणाली, “नी तुमी त्याला तेच लिवून देतावं? वर सांगतावं, मोट्यानं वाच?”

गोलमटोल मुलाचे वडील तिच्या मागे होते. ते भावाच्या ऑफिसातले, म्हणून जरा जपून बोलले. “बाई, गैरसमज नको. पण दिवाळीपासून मुलाला खोकला आहे. डॉक्टर झाले, काढे झाले. काल त्याने पाटी वाचली आणि आमच्या घरात एकदम उजेड पडला.”

मग सगळ्यांच्याच घरात उजेड पडू लागला. कुणाचा मुलगा गणितात नापास झाला होता, कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या बढतीचा कागद वरच्या साहेबाकडे अडकला होता. एका गृहस्थाची छत्री हरवली होती. ती पावसाळ्यात हरवली होती आणि त्यांचा मुलगा चौथीत, पडद्याच्या पलीकडे होता. पण चौथीचा फळाही त्याच बाजूला आहे हे त्यांनी वाकून बघून घेतलं.

सिंधी दुकानदार मुलीला सोडायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला बाजूला विचारलं, “बाईजी, ये दक्षिण किधर से आई? कल तक तो नहीं थी.”

हेडमास्तर बाहेर आले. वाद आहे म्हटल्यावर त्यांनी तो ऐकण्याआधीच मान्य केला. “फळा फिरवा,” ते म्हणाले.

फळा लाकडी घोडीवर होता, तो उचलून समोरच्या टोकाला नेणं सोपं होतं. मुलं पाट्या-दप्तरांसकट उठली, फिरली आणि उत्तरेकडे तोंड करून बसली. बदल मुलांना फार आवडला. जी कालपर्यंत मागच्या रांगेत सुखाने डुलक्या घेत ती आता पहिल्या रांगेत आली, आणि पहिल्या रांगेतले हुशार मागे जाऊन एका दिवसात बिघडले.

संध्याकाळी मी घरी सगळं सांगितलं. वहिनी पोळी लाटता लाटता थांबली. “मुलं उत्तरेकडे बघतात, म्हणजे त्यांच्याकडे बघून तुम्ही शिकवता ते कुठे तोंड करून?”

मी बोटांवर दिशा मोजल्या.

“ऐकलंत का,” ती पेपरला म्हणाली. “लग्नाची मुलगी दिवसभर यमाकडे तोंड करून उभी राहणार.”

पेपरच्या मागून भाऊ म्हणाला, “तिला बोलताना ऐकलं तर तोच उठून जाईल.”

“थट्टा नको. वन्सं, तुम्ही पाठ करून शिकवा.”

मी पाठ करून शिकवून पाहिलं. मी मुलांकडे पाठ केल्यावर वर्गात काय चालतं हे आवाजावरून कळत होतं. मग हेडमास्तरांनी फळा पूर्वेकडच्या बाजूला न्यायला सांगितला. तिथे दार होतं, सकाळी ऊन थेट डोळ्यांत यायचं, आणि मुलं डोळे मिटून पाढे म्हणत. बघणाऱ्याला वाटलं असतं की शाळेत ध्यानधारणा सुरू झाली. म्हणून पश्चिमेकडे. तिथे आमचा फळा गोणपाटाच्या पडद्याला टेकला, आणि मी खडू दाबला की पलीकडे पडद्याला पाठ लावून बसलेली चौथीची शेवटची रांग हलायची. हेडमास्तर पलीकडून म्हणत, “बाई, हळू लिहा, माझी मुलं ढकलली जातायत.” चौथीच्या पालकांनी त्यांचाही फळा फिरवायला लावला होता, तो ते दिवसाआड फिरवत. एका सकाळी पडदा वाऱ्याने उडाला तेव्हा तिसरी आणि चौथी समोरासमोर तोंड करून बसलेली निघाली, आणि दोन्ही वर्गांना इतकं हसू आलं की आम्ही मधली सुट्टी आधीच दिली.

मुलांना असे दिवस पुन्हा मिळाले नसतील. सकाळी येतानाच ती विचारत, “बाई, आज कुठे?” मीही खोटं कशाला सांगू, एकदा फळ्याला धरून फिरवता फिरवता मलाच चक्कर येईतो हसू आलं होतं. फक्त रात्री अंथरुणावर पडलं की गावचं स्थळ आठवे, आणि हसू ओसरे. पाठ अजून तयार नव्हता. तिसरीच्या मुलांना आता दक्षिण म्हणजे जिथे काल फळा होता ती जागा वाटत होती.

शेवटी प्रकरण शाळा समितीच्या अध्यक्षांकडे गेलं. ते कारखान्यातले मोठे अधिकारी, बंगल्यात राहणारे. रविवारी सगळ्या पालकांना शाळेत बोलावून त्यांनी छोटंसं भाषण केलं. आपण विज्ञानयुगात आलो आहोत, असं ते म्हणाले. शंका ही अंधश्रद्धेची आई आहे आणि मोजमाप हा तिच्यावर उपाय. आई मोजमापाने कशी बरी होते हे कुणी विचारलं नाही. मग त्यांनी खिशातून पितळेचं होकायंत्र काढलं आणि ते माझ्या टेबलावर असं ठेवलं की दोन-तीन जणांनी नकळत हात जोडले.

काटा हलला, थरथरला आणि दाराकडे दक्षिण दाखवून थांबला.

“दाराकडे,” अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. सूर्य त्याच दारातून उगवताना सगळ्यांनी पाहिला होता. त्यांनी होकायंत्र उचलून खांबाजवळ नेलं. काटा गर्रकन फिरून खांबाला चिकटल्यासारखा उभा राहिला. ते पडद्यापाशी गेले. मुलं त्यांच्या मागे.

“आता दक्षिण हेडमास्तरांकडे,” एकाने वर्दी दिली.

ते पलीकडच्या कोपऱ्यात गेले.

“आता आपल्याकडे. बाई, आली, परत आली.”

गोलमटोल मुलाचे वडील हळूच म्हणाले, “साहेब, म्हणजे ती सगळीकडेच आहे की काय?”

“आयो,” वाडीवरची आई म्हणाली, “चारी अंगाला? मंग पोरानं जेवावं कुटं?”

“उभ्यानं,” तिचा मुलगा म्हणाला आणि मार खाल्ला.

अध्यक्षांनी होकायंत्र मिटलं. “या शेडमध्ये लोखंड आहे,” ते म्हणाले. लोखंड आम्ही त्यांच्यापासून लपवून ठेवलं होतं असा त्यांचा स्वर होता. सिंधी दुकानदारांनी खांबाकडे एकदा बघितलं, छपराकडे एकदा बघितलं आणि नम्रपणे म्हणाले, “हां साईं, थोड़ा है.”

मग सगळे बाहेर आंब्याखाली गेलो. तिथे काटा शहाण्यासारखा वागला. अध्यक्षांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली, शेडकडे पाहिलं, पुन्हा रेघेकडे पाहिलं. शेड तिरकी होती. लष्कराने ती बांधली तेव्हा यमाचा विचार केला नव्हता. रस्ता जसा वाकडा होता तशी शेड वाकडी बसवली होती. शिवाय थंडीत सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, बराच सरकून उगवतो, असं अध्यक्षांनी सांगितलं. म्हणजे माझ्या पाठात सूर्यही चुकला होता. खरी दक्षिण निघाली ती एका कोपऱ्यात, जिथे आम्ही केरसुण्या ठेवत असू.

“म्हणजे कुठलीच भिंत दक्षिणेला नाही?” गोलमटोल मुलाच्या वडिलांनी विचारलं.

“शास्त्रीयदृष्ट्या, नाही.”

“आणि पहिल्यापासून कुणाचं तोंड दक्षिणेला नव्हतं?”

“नव्हतं.”

सगळ्यांना मोठं समाधान वाटलं. फळा पहिल्या जागी गेला, मुलं पहिल्या जागी गेली, मागच्या रांगेतले पुन्हा सुखाने डुलक्या घेऊ लागले. गोलमटोल मुलाचा खोकला मात्र चालूच राहिला. त्याचं कारण आता नव्याने शोधावं लागणार होतं.

अडचणीत होते ती मी एकटी. ‘आमचा फळा दक्षिणेला आहे’ हे वाक्य मुलांनी इतक्या वेळा लिहिलं होतं की झोपेतही म्हटलं असतं, आणि ते साफ खोटं निघालं होतं. दिपोटी येत्या आठवड्यात यायचे होते. मी फळ्यावरचं सगळं पुसलं. सूर्य नाही, हात नाही, जेवण नाही. रोज सकाळी फक्त एवढंच: “दक्षिण कुठे?” आणि सगळ्यांनी केरसुण्यांच्या कोपऱ्याकडे बोट करायचं. मग मी मुलांना फिरवून बसवायची, उभं करायची, अंगणात नेऊन परत आणायची, आणि पुन्हा विचारायची. आपण फिरलो तरी कोपरा फिरत नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला नाही. फिरण्याची सवय त्यांना चांगली झाली होती.

दिपोटी आले ते लांब कोट, काळी टोपी आणि छत्री धरणारा शिपाई अशा थाटात. हेडमास्तरांनी आदल्या संध्याकाळी स्वतः शेड झाडून घेतली होती. पत्रा तापायला लागला होता, आणि आंब्याची सावली पडून गार राहील असा शेडमध्ये एकच कोपरा होता. त्यांनी तिथल्या केरसुण्या हलवल्या, शेण सारवलं, रांगोळी काढून घेतली आणि साहेबांची खुर्ची मांडली.

दिपोटी बसले. “दिशाज्ञान हा शिक्षणाचा पाया आहे,” ते मला म्हणाले, आणि मला प्राचार्य आठवले. मग ते वर्गाकडे वळले. “मुलांनो, दक्षिण दिशा कुठे आहे?”

माझ्या लक्षात आलं तोपर्यंत उशीर झाला होता. वर्गातल्या प्रत्येक मुलाने, एकही न चुकता, साहेबांकडे बोट केलं.

शिपायाने छत्री खाली घेतली. दिपोटींनी एकदा मागे वळून बघितलं. मागे पत्रा होता.

“वाक्यात सांगा,” ते म्हणाले.

गोलमटोल मुलगा उठला. “साहेब दक्षिणेला बसले आहेत.”

“हं. दुसरं?”

“साहेबांकडे पाय करून झोपू नये.”

“साहेबांकडे तोंड करून जेवू नये,” वाडीवरचा मुलगा म्हणाला. “वडील मरतात.”

पडद्याच्या पलीकडे हेडमास्तरांनी चौथीला पाढे म्हणायला लावले, फार मोठ्याने. मी खाली बघत राहिले. गावच्या स्थळाचं तोंड मी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी ते मला स्पष्ट दिसलं. त्याला मिशा होत्या.

दिपोटी उठले. त्यांनी खुर्ची उचलली, शिपाई धावला तर त्याला हाताने थांबवलं, आणि स्वतः ती थेट समोरच्या कोपऱ्यात, तापल्या पत्र्याखाली नेऊन ठेवली. बसले. घाम पुसला.

“आता दक्षिण कुठे?”

बोटं जागची हलली नाहीत. सगळी तिथेच, रिकाम्या कोपऱ्यातल्या रांगोळीकडे. डावखुऱ्या मुलाचं बोट तेवढं साहेबांच्या मागे निघालं होतं. ते अर्ध्या वाटेवर थांबलं, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि परत नेलं.

“आणि मी कुठे बसलो आहे?”

दाराजवळच्या सिंधी मुलीने हात वर केला. “साहेब उत्तरेला आले.”

“कुठून?”

“दक्षिणेहून. खुर्ची घेऊन.”

दिपोटींनी तिच्याकडे बघितलं. त्यांच्या कोटाची वरची दोन बटणं हलत होती. ते हसत होते हे मला नंतर कळलं. त्या काळचे साहेब पोटात हसत.

मधल्या सुट्टीत वहिनीने करून पाठवलेले पोहे आणि चहा हेडमास्तरांनी त्यांच्यापुढे ठेवला. दिपोटींनी बशी हातात घेतली, चमचा उचलला, आणि शिपायाला हळूच विचारलं, “हे मी कुठे तोंड करून बसलोय रे?” शिपायाला ठाऊक नव्हतं. दाराशी लोंबकळणाऱ्या माझ्या मुलांनी सगळ्यांनी एकदम बोट दाखवलं. दिपोटींनी खुर्ची थोडी तिरकी केली आणि मग पोहे खाल्ले.

पुढचे दिवस घरात कुणी विषय काढला नाही. वहिनीने माझ्या आवडीची भाजी तीनदा केली, त्यावरून तिने आशा सोडली आहे हे मला समजलं. भावाने गावच्या गाडीची वेळ विचारून ठेवली होती. तसं तो बोलला नाही, पण पेपर उलटा धरून बसला होता.

एका दुपारी हेडमास्तर पडदा सारून अलीकडे आले. “बाई, आलं वरून. तुम्ही कायम झालात.”

मी खडू खाली ठेवला. मग म्हटलं, “सर, पाठाबद्दल काही लिहिलंय?”

“पाठाबद्दल नाही. पण साहेबांनी तुमच्या वर्गाबद्दल विशेष समाधान नोंदवलंय.”

“कशाबद्दल?”

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. “पिण्याच्या पाण्याच्या माठावर झाकण आहे, त्याबद्दल.”